बागेवर जेसीबी फिरवून मगर जाणार आहे का?

कांसेकाठची
एरियाच्या ग्रुपवर एका काकांनी परवा पोस्ट टाकली ती बहुतेकांनी वाचली असेल. नसेल वाचली तर थोडक्यात सांगते: बागेच्या मागची सगळी झाडी जेसीबी लावून साफ करा, भूखी कांसेला, म्हणजे मागच्या नाल्याला, दोन्ही बाजूंनी सिमेंट करा, मगरी पकडून आजव्याच्या तलावात सोडा, सगळीकडे हॅलोजन लावा, संध्याकाळी सातला गेटला कुलूप. आणि शेवटी, "पोरं महत्त्वाची की जनावरं ते एकदाच ठरवा". खाली पन्नासेक अंगठे. दोन दिवस गप्प बसले, आज राहवत नाही म्हणून लिहितेय, लांब होईल.

लग्न होऊन बडोद्यात निजामपुऱ्यात आले त्याला २६ वर्षं झाली, तेव्हापासून या बागेत चालतेय. २०२४च्या जन्माष्टमीला विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची खूण २५ची, आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर बागेत गेले तर झोपाळ्याखालच्या गाळात एक लांब रेघ, कोणी ओलं पोतं ओढत नेल्यासारखी, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना पंज्यांचे ठसे. ती रेघ सरळ मागच्या भिंतीच्या भगदाडापर्यंत गेलेली. मगर कुठून आली, कुठून गेली, सगळं गाळात उमटलेलं होतं. आली ती भगदाडातून, झाडीशी तिचा काही संबंध नव्हता. आणि ते भगदाड आजही तिथेच आहे, त्यावर जुना फ्लेक्स बांधलाय, बस.

आजव्याला सोडा म्हणणं सोपं आहे. मगर १९७२च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, वनखात्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. २०२५च्या गणतीत विश्वामित्रीत ४४२ निघाल्या. एक नेली की तिच्या जागेवर दुसरी येणार, किती फेऱ्या मारणार? आणि सिमेंटचं म्हणाल तर मगर काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, उन्हाळ्यात, आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर पडतात. काठ सिमेंटचा केलात तर ती मऊ माती शोधत फिरणार, आणि कांसेला लागून सगळ्यात जवळची मऊ माती आपल्याच बागेत आहे.

भगदाड बुजवा, कांसेच्या बाजूला मजबूत जाळी लावा आणि बागेत खाण्याचे उकिरडे बंद करा. एवढं करा आधी, मग बाकी बोलू.

समावाला
ताई, भगदाडाचं पटलं. बाकीचं नाही. तुमची मुलं मोठी झाली असतील, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि बॉल मागच्या झाडीत गेला की तो धावत जातो, मी ओरडेपर्यंत पोचलेला असतो. गेल्या मे महिन्यात त्याच झाडीच्या कडेला माळीकाकांच्या घोट्याला घोणस चावली. मी स्वतः त्यांना बाइकवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं तसंच ठेवलं. वीस मिनिटांनी नळी आडवी केली तर पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. ते मी डोळ्यांनी बघितलंय. माणूस वाचला पण दोन महिने काम नाही, घरात कमावणारा तो एकटा. त्या दिवसापासून मला कोणी झाडीचं कौतुक सांगितलं की डोकं फिरतं, खोटं लावून घेऊ नका.

धामण
माळीकाकांचं वाईट वाटलं, खरंच. पण मी गेली बारा वर्षं वनखात्याबरोबर साप पकडायला जातो म्हणून विचारतो, ती घोणस तिथे का होती? उंदरांसाठी. आणि उंदीर का होते? त्या कोपऱ्यातल्या कबुतरांच्या चबुतऱ्याखाली रोज सकाळी किलो किलो चण (पाखरांचे दाणे) पडते म्हणून. कबुतरं दिवसा खातात, उरलेलं रात्री उंदीर खातात. चबुतऱ्याच्या पायाशी बिळं बघा, मी सात मोजली आहेत, तोंडं गुळगुळीत झालेली, म्हणजे रोजची ये-जा. झाडी कापलीत तर घोणस लादीच्या फटीत आणि बाकाखाली बसेल, जिथे तुमचा मुलगा बसतो. तिला उंदीर हवाय, झाडी असो नसो.

रावपुऱ्याचे आजोबा
आता चबुतऱ्यावर आलात! मला वाटलंच होतं. माझे वडील रावपुऱ्यात चबुतऱ्यावर ज्वारी टाकायचे, मी टाकतो, निजामपुऱ्याला राहायला आल्यापासून या बागेत टाकतोय. गुजरातेत गावोगावी चबुतरा आहे, लाकडी नक्षीचे, दगडी, आपल्या पोळांमध्ये, जुन्या गल्ल्यांमध्ये, अजून उभे आहेत. शंभर वर्षांत कोणाला सापाचा त्रास झाला नाही, आत्ताच झाला? मुक्या जिवाला दोन दाणे घातले तर आता ते पण पाप झालं.

धामण
आजोबा, जुना चबुतरा खांबावर उंच असायचा, मांजर चढू नये आणि दाणा खाली सांडू नये म्हणून. बागेतला ओटला गुडघ्याएवढा आहे आणि निम्मी चण ओटल्याच्या खाली पडते. पूर्वी मूठभर टाकायचे, आता लोक पोतं घेऊन येतात गाडीतून. यात फरक आहे की नाही तुम्हीच सांगा.

दुसरा मजला
चणीचा विषय निघालाय तर मीही बोलते, कारण कोणी बोलत नाही. माझ्या मिस्टरांना दोन वर्षं खोकला, आधी ॲलर्जी म्हणाले, मग दमा म्हणाले, शेवटी सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसावर डाग दिसले आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घराजवळ कबुतरं आहेत का. आमची बाल्कनी बागेच्या चबुतऱ्यासमोर आहे. आता जाळी लावलीय, बाल्कनीत कपडे वाळत घालत नाही, तरी जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबतात. ५४ वर्षांचा माणूस. मुंबईत २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढं रान उठलं, हायकोर्टापर्यंत गेलं, आणि आपण इथे पुण्य पुण्य करत बसलोय.

रावपुऱ्याचे आजोबा
तुमच्या मिस्टरांबद्दल ऐकून वाईट वाटलं पण डॉक्टर काहीही सांगतात. शहरात धूर आहे, नंदेसरीकडच्या कारखान्यांचा वास आहे, त्याचं काय?

दुसरा मजला
आजोबा, तुम्ही आमच्या घरी या. त्यांना एक जिना चढताना बघा. मग मला सांगा डॉक्टर काहीही सांगतात.

उत्तरायण
चण चण काय लावलंय, पक्षी मारणारी खरी गोष्ट मांजा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. दर वर्षी १४ आणि १५ जानेवारी झाली की लोकांचं संपलं, पण झाडांवर दोरी मार्चपर्यंत लटकते. या वर्षी फेब्रुवारीत मागच्या लिंबावर एक काळा शराटी उलटा लटकला होता, पंखाला दोरीचे इतके वेढे की पीस कुठलं आणि दोरी कुठली कळेना, मी शिडी आणेपर्यंत गेला. नायलॉनच्या मांज्यावर एनजीटीची, म्हणजे हरित लवादाची, बंदी २०१७ पासून आहे, जखमी पक्षी वाचवायला सरकारचं करुणा अभियान चालतं, दहा ते वीस जानेवारी, पण वीस तारखेनंतर झाडावरची दोरी काढायला कोण येतं? कोणी नाही. आणि तीच शिडी लावून दोरी काढायची म्हटली की लोक म्हणतात झाडीत साप आहे, जाऊ नको.

समावाला
भाई, मांज्याचं बरोबर आहे पण इथे विषय पोरांच्या सुरक्षिततेचा चाललाय. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा.

उत्तरायण
माझ्या मित्राचा गळा कापलाय बाइकवर, मांज्याने, तो पण सुरक्षिततेचाच विषय आहे. तुमचा मुलगा तेवढा मुलगा आहे का?

समावाला
असं बोलायचं काम नाही.

दोन नंबरचं गेट
सगळे जण मगर, साप, कबुतर करताय, मला काय म्हणायचंय ते ऐका. माझी मुलगी फतेगंजला क्लासला जाते, साडेसातला परत येते, बागेतून शॉर्टकट. मार्चमध्ये दोन नंबरच्या गेटपासून टॉयलेटपर्यंत एक माणूस तिच्या मागे चालत आला, ती थांबली की तो थांबायचा, आणि मेंदीच्या कुंपणाच्या आत उभं राहून बघत होता. तिथला दिवा सहा महिने बंद. तक्रार दिली, ज्यांचं काम आहे त्यांच्याकडून कोणी आलं नाही. तेव्हापासून ती बाहेरच्या रस्त्याने येते, पंधरा मिनिटं जास्त. म्हणून मी त्या काकांच्या पोस्टला अंगठा दिला होता आणि आजही देईन. तुम्हाला झाडी वाचवायची आहे, मला माझी मुलगी. ताई, तुम्ही एवढं मोठं लिहिलंत त्यात बाईमाणसाचा एक शब्द नाही, आणि तुम्ही स्वतः बाई आहात.

कांसेकाठची
हे मला लागलं, आणि बरोबर लागलं. मी पहाटे जाते, सातनंतर बागेत पाऊल टाकत नाही, म्हणून माझ्या डोक्यात आलंच नाही. ती माझी चूक. टॉयलेटच्या वाटेवरची मेंदी गुडघ्यापर्यंत कापायलाच हवी, त्यावर माझा काही वाद नाही. मेंदीत काही मगर राहत नाही. पण एक सांगते, सातला गेट बंद केलं तर तुमच्या मुलीची पंधरा मिनिटं कायमचीच वाढतील. गेट उघडं, वाटेवर दिवे आणि माणसांची वर्दळ, याच्यानेच ती वाट सुरक्षित होईल. बाग रिकामी असली की तो माणूस येतो.

दोन नंबरचं गेट
गेटचं मान्य. गेट बंद नको. पण दिवे मला झक्क पांढरे हवेत, मिणमिणते नकोत.

धामण
दिव्याबद्दल थोडं ऐकाल का. पांढऱ्या झगझगीत दिव्याखाली किडे जमतात, किड्यांवर बेडूक, बेडकांवर साप, हे मी पावसाळ्यात दर आठवड्याला बघतो, निम्मे कॉल दिव्याच्या खांबाखालचेच असतात. वाटेवर पिवळट दिवे, उंची कमी, तोंड खाली, आणि एकमेकांना जवळ लावले तर माणसाचा चेहरा जास्त नीट दिसतो. हॅलोजन उंचावर लावला की खाली उजेड, आणि कडेला डोळ्यांपुढे अंधारी. तुमच्या मुलीला तो माणूस दिसायला हवा की नको?

दोन नंबरचं गेट
हवा. ठीक आहे. पण सहा महिने बंद पडलेला एक दिवा कोणी बदलला नाही, तिथे तुम्ही मला पिवळे जवळ जवळ वीस दिवे सांगताय.

कमाटीबाग प्रेमी
सगळ्यांना एकच आठवण करून देतो. कमाटीबाग १८७९ची, मधोमध विश्वामित्री वाहते, नदीत मगरी आहेत, आणि रविवारी तिथे हजारो लोक पोराबाळांसह जातात. पुलावरून लोक मगरी दाखवतात मुलांना, थंडीत त्या गाळावर तोंड उघडून पडलेल्या असतात. तिथे जमतं कारण नदीचा काठ आणि माणसाची वाट वेगळी ठेवलीय. मग आपल्या दोन एकरांच्या बागेत का जमू नये?

समावाला
कमाटीबागेत सिक्युरिटी असते, इथे एक माळी, तोही अजून लंगडतोय. २०१९च्या पाण्यात रस्त्यावर कुत्र्यावर झडप घालणाऱ्या मगरीचा व्हिडिओ सगळ्या देशाने बघितला. ती कोणाच्या तरी सोसायटीसमोरच होती ना. बरं, भगदाड बुजवा, मेंदी कापा, दिवे लावा, सगळं मान्य. झाडी सगळी नको कापायला, पण झोपाळ्यापासून पंधरा फूट मला मोकळी जमीन हवीच, गवत बारीक कापलेलं. याच्यावर मी हटणार नाही.

धामण
पंधरा फूट मलाही चालेल. हे मी सुरुवातीलाच सांगितलं असतं, तुम्ही विचारलंत कुठे. पण पालापाचोळा आणि विटांचा ढीग पण उचलायचा, तो झाडीपेक्षा वाईट आहे. आणि रात्री बागेतून जाणाऱ्यांनी टॉर्च हातात ठेवा, मण्यार रात्रीच फिरते, चावलेलं कधी कधी कळतही नाही.

रावपुऱ्याचे आजोबा
म्हणजे सगळ्यांचं मिटलं, आणि कबुतरांचं काय ठरलं?

दुसरा मजला
चबुतरा हलवायचा.

रावपुऱ्याचे आजोबा
चबुतरा हलणार नाही.

कांसेकाठची
आजोबा, हलवू नका. पण एक करा, माझ्यासाठी. चण मूठभर टाका, सकाळी सातच्या आत, आणि नऊ वाजता जे उरेल ते झाडून घरी न्या. पोतं घेऊन येणाऱ्या गाडीवाल्यांना तुम्ही सांगा, तुमचं ते ऐकतात, आमचं ऐकत नाहीत. ज्वारीऐवजी पाण्याचं कुंडं ठेवा, उन्हाळ्यात पक्ष्यांना दाण्यापेक्षा पाणी लागतं.

रावपुऱ्याचे आजोबा
मूठभर टाकेन. झाडून नेणार नाही, माझी कंबर वाकत नाही. केरसुणी कोणी तरी धरा.

दुसरा मजला
केरसुणी मी धरते. तोंडाला मास्क लावून, पाणी शिंपडून. पण महिनाभर. त्यानंतर उंदरांची बिळं कमी झाली नाहीत तर चबुतऱ्याचा विषय मी पुन्हा काढणार, तेव्हा पुण्याचं सांगू नका.

उत्तरायण
आणि दोरी? रविवारी सकाळी शिडी मी आणतो, मागच्या लिंबावर अजून दोन ठिकाणी लटकतेय. धामणभाऊ, तुम्ही आधी झाडी बघून घ्या, मग मी चढतो.

धामण
साडेसहाला येतो. बूट घालून या, चप्पल नको. आणि भगदाडाचे फोटो काढा, फ्लेक्स बाजूला करून, पाऊस पडायच्या आत अर्ज द्यायचाय.

समावाला
अर्जावर माझी सही घ्या. पंधरा फूट लिहा त्यात.