अनुभव धागा: दार लावून घेतल्यावर

उपवासकाळ सुरू होतो त्या भस्म बुधवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, दरवर्षी बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातला तोच भाग वाचतात. प्रार्थना करशील तेव्हा आपल्या खोलीत जा, दार लावून घे, आणि गुप्तात असलेल्या पित्याशी बोल. लहानपणापासून हे ऐकत आले, पण एकटीनं प्रार्थना करायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. वसईत आमच्या घरी प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी मिळून. संध्याकाळी ओटीवर आजी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, धरायची. ती 'नमो मारिया' म्हणायची आणि आम्ही पोरं 'पवित्र मारिया'नं तिला उत्तर द्यायचो. लग्नानंतरही तेच. अर्धं मी म्हणायचे, उरलेलं अर्धं हे.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. मुलगी लग्न होऊन लांब. महिन्याची मिस्सा झाली, पाहुणे पांगले, आणि मी पहिल्यांदा एकटी माळ घेऊन बसले. माझा अर्धा भाग म्हणून झाला आणि सवयीनं थांबले. पलीकडून कुणी काही म्हणालं नाही. उरलेलंही आता आपणच म्हणायचं हे कळत होतं, पण तोंडातून निघेना. किती वेळ तशी बसले सांगता येणार नाही, मणी बोटांत तसाच. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं, मागच्या बावखलातले बेडूक ऐकू येत होते. रडू आलं नाही. मी जशी थांबले आहे तसंच कुणीतरी माझ्यासाठी थांबलंय, एवढंच जाणवलं. इतकी वर्षं देवाशी बोलले, पण मध्ये जागा म्हणून ठेवलीच नव्हती. आता माळेची पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, पुरी होत नाहीत. कधी दहाच मणी होतात, पण प्रत्येक अर्ध्यापाशी मी थांबते.

उपवासकाळ सुरू आहे म्हणून हा धागा काढते आहे. तुम्ही एकटे बसता तेव्हा काय होतं ते लिहा. प्रवचन नको, आपल्यावर गुदरलेलं लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, कुणीही. तुमचं दार कुठलं?

*

परळहून

ताई, सलाम. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं. 'खोलीत जा' म्हणजे कुठल्या खोलीत? दार एकच, ते गॅलरीत उघडायचं आणि दिवसभर उघडंच असायचं. आई पहाटे नळाला पाणी यायच्या आधी उठायची. स्टोव्हच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसायची आणि पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची. पदर खाली असला की तिला हाक मारायची नाही, हे आम्हाला कुणी न सांगता कळलं होतं. पुढे चर्चच्या पाळकांनी एकदा मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांच्या आईची गोष्ट सांगितली. पोराबाळांच्या गलक्यात त्या एप्रन डोक्यावर घेऊन प्रार्थनेला बसत, असं म्हणतात. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग? आणखी कुठं जाणार ती?"

आता माझं दोन बेडरूमचं घर आहे, दाराला कडी आहे. तरी ओढणी डोक्यावर घेतल्याशिवाय माझं मन जागेवर येत नाही.

*

कुवेतहून

एका खोलीत आठ जण, वरखाली पलंग. माझा खालचा. जुनी चादर दोरीला अडकवली आहे, तेच दार. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवारीच चर्च गच्च भरतं, त्याचं बळ वेगळं. पण रोजचं माझं चादरीमागेच. आधी मी ड्युटीवरून आलो की घरी फोन लावायचो आणि मग प्रार्थना. त्यामुळे प्रार्थनेत फक्त घरचं कर्ज आणि बहिणीचं लग्न. आता फोनच्या आधी बसतो. सुपरवायझर काय बोलला, मी काय उलट बोललो, ते आधी सांगून टाकतो. मागणं राहूनच जातं कधीकधी. जय ख्रिस्त.

*

निवृत्त पाळक, सोलापूर

परळच्या भगिनींच्या मातोश्रींना माझा सलाम. मत्तयमध्ये 'खोली'साठी जो ग्रीक शब्द आहे तो 'तामेइऑन'. मूळ अर्थ कोठार. दाणे, तेल, किडूकमिडूक ठेवायची आतली जागा. लूकच्या बाराव्या अध्यायात कावळ्यांना कोठी नाही असं प्रभू म्हणतो, तिथेही हाच शब्द आहे. म्हणजे वेगळं देवघर बांधा असं त्यानं सांगितलेलं नाही. मडकी-गाडग्यांत जाऊन बस म्हणाला.

माझ्यापुरतं सांगतो. मी छत्तीस वर्षं मंडळीपुढे प्रार्थना केली. लोक म्हणायचे, प्रार्थना ऐकावी तर पाळकसाहेबांची. एकांतात बसलो तरी तोंडी तीच भाषा यायची, 'हे परमदयाळू, परमपवित्र', जणू समोर बाकं भरलेली आहेत. सेवानिवृत्त झाल्यावर ती भाषा गळून पडायला दोन वर्षं लागली, आणि ती दोन वर्षं मला फार जड गेली, कारण त्या भाषेखाली काहीच सापडेना. आता माझी प्रार्थना 'बापा' एवढ्यावर येते आणि पुष्कळदा तिथेच राहते.

*

दौंडजवळून, शिक्षिका

माझी पणजी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १९०५ साली तिथे जे संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जाग, झालं, शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं रडत प्रार्थना करत होत्या, ते आमच्या घरात अजून सांगतात. त्यामुळे प्रार्थना म्हणजे आवाज, असंच डोक्यात बसलेलं. माझा आवाज मुळात लहान. चारचौघांत प्रार्थना करायला सांगितली की घशाला कोरड पडते. मला आधार मिळाला तो पंडिता रमाबाईंच्या दुसऱ्या कामाचा. त्याच बाईंनी शेवटची कितीतरी वर्षं, १९२२ मध्ये जाईपर्यंत, हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र, म्हणजे बायबल, साध्या मराठीत आणायला दिली. एका जागी बसून, शब्दाला शब्द.

म्हणून मी वहीत रोज एकच ओळ उतरवते, शाईच्या पेननं, सावकाश. स्तोत्र २३ पहिल्याच वचनापाशी अडलं. मला काही उणं पडणार नाही, हे लिहिताना हात थांबला. मिस्टरांची नोकरी नुकतीच गेली होती. अकरा दिवस तीच ओळ लिहिली. बाराव्या दिवशी पुढची लिहिता आली. नोकरी तोवर लागलेली नव्हती.

*

पुण्याहून

मी बत्तीस वर्षांचा, आयटीत आहे. सगळ्यांचं वाचून जरा परकं वाटतंय, म्हणून आहे तसं लिहितो. आई आठ महिने आजारी होती. मंडळीनं साखळी प्रार्थना केली, मी उपास केले, रोज रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात बसून प्रार्थना केली. ती गेली. तेव्हापासून सकाळी वीस मिनिटं बसतो, तिनंच लावलेली सवय म्हणून. काही होत नाही. मोबाईलवर टायमर लावतो आणि किती उरलं ते बघतो. लोक शांती मिळाली म्हणतात, मला ती मिळालेली नाही. हे ढोंग आहे का? थांबवू?

*

एक धर्मभगिनी, नाशिक

भाऊ, थांबवू नका. किती उरलं हे बघणारे तुम्ही पहिले नाही. आविलाची संत तेरेसा, सोळाव्या शतकातली स्पेनची कार्मेलाईट सिस्टर. कॅथलिक चर्चनं तिला १९७० मध्ये धर्माचार्य ही पदवी दिली, ती तिच्या प्रार्थनेवरच्या लिखाणासाठीच. तिनंच आपल्याबद्दल लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिचे कान तास संपल्याच्या ठोक्याकडे लागलेले असत. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली छापली गेली, तेव्हा लोकांना कळलं की कितीतरी दशकं त्यांना आत काळोखच वाटत होता. तरी त्या रोज पहाटे चॅपेलमध्ये जमिनीवर बसत होत्या.

ढोंगाचं म्हणाल, तर ढोंगाला बघणारे लागतात. प्रभूनं दार लावायला सांगितलं ते त्याचसाठी. तुमच्या खोलीत सकाळी कोण बघतंय?

एक विचारते, राग मानू नका. आईबद्दल तुम्ही त्याच्याशी कधी भांडलात का? मोठ्यानं? माझा धाकटा भाऊ अपघातात गेला तेव्हा मी वर्षभर चॅपेलमध्ये सगळ्या प्रार्थना व्यवस्थित म्हटल्या आणि त्याचं नाव एकदाही काढलं नाही. मला वाटायचं, हा माझा विश्वास. ते देवाशी धरलेलं मौन होतं, आणि मला ते एका वृद्ध फादरांनी दाखवून दिलं. त्यांनी मला स्तोत्र ८८ वाचायला दिलं. तक्रारीची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. काळोखापाशी संपतं. आणि तरी ते शास्त्रात आहे.

*

नेवासा तालुका

सलाम सगळ्यांना. मी लिहिणारा माणूस नाही, पोराकडून टाइप करून घेतोय. आमच्याकडं शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची. कांद्याला पाणी द्यायचं तर बारा-एकला रानात जाऊन दारं धरायची. तुम्ही सगळे दार लावायचं बोलताय, म्हणून मला लिहावं वाटलं. एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं दार बांधायचं, पुढच्याचं फोडायचं. वाफा भरेपर्यंत नुसतं उभं राहायचं. पूर्वी मी तेवढ्यात मोबाईलवर गाणी लावायचो, बिबट्याचं भ्या वाटायचं म्हणून. एका रात्री मोबाईल पाटात पडला. त्या रात्रीपासून बॅटरीसुद्धा बंद करून उभा राहतो आणि एका वाफ्याला एक माणूस धरतो. पहिला वाफा आईचा, दुसरा बायकोचा, मग पोरं, मग गावातले आजारी.

एक वाफा भावाचा. बांधावरून आमचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. त्याचा वाफा आला की नाव घ्यायचो, पुढं शब्दच नाही. त्याचं भलं कर म्हणायला जीभ उचलायची नाही. नुसतं नाव घ्यायचं आणि पाणी चढताना बघायचं. असे दोन हंगाम गेले. यंदा एका रात्री त्याच्याच वाफ्याला उभा होतो आणि बांधापलीकडं त्याच्या रानात बॅटरी हलली. तोबी दारं धरत होता. माझ्या तोंडातून हाक गेली, "पाणी पुरतंय का?" थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "पुरतंय."

तेवढंच झालं. बांधाचं अजून मिटलेलं नाही. मी माघारी वळलो तर माझा वाफा फुटून पाणी पाटाबाहेर गेलेलं. ते बांधलं आणि तिथंच चिखलात गुडघे टेकले.

*

पुण्याहून, पुन्हा

सिस्टर, काल रात्री ऑफिस सुटल्यावर गाडी पार्किंगमध्येच ठेवली, काचा वर केल्या आणि स्तोत्र ८८ मोठ्यानं वाचलं. मधल्या एका ओळीनंतर ते शास्त्रातलं राहिलं नाही, माझंच सुरू झालं. हॉस्पिटलचा जिना, तिचे शेवटचे चार दिवस, सगळं. कधी नव्हे इतक्या चढ्या आवाजात. वॉचमन काचेवर टकटक करून विचारून गेला, "साहेब, बरं आहे ना?"

टायमर लावायचा राहिला होता. घरी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.