जॉनी ग्रीनवुडच्या कामामागे एकच सूत्र आहे का?

मंद्रसप्तक (प्रश्न) :

नुकताच ‘द पॉवर ऑफ द डॉग’ हा चित्रपट पाहिला आणि कथेपेक्षाही त्यातले संगीत मनात जास्त राहिले. तार खुडून काढलेले कोरडे, तुटक स्वर आणि त्यांच्या मागे सतत दाटून येणारी अस्वस्थता असे ते संगीत आहे. श्रेयनामावलीत जॉनी ग्रीनवुडचे नाव दिसल्यावर मी थबकले, कारण माझ्या लेखी तो रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक होता. त्यांच्या ‘क्रीप’ या गाण्याच्या ध्रुवपदाआधी गिटारवर येणारे ते खरखरीत आघात कॉलेजात असताना मी अक्षरशः पारायण केल्यासारखे ऐकले आहेत.

अधिक शोध घेतला तेव्हा गोंधळ वाढतच गेला. हाच माणूस व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, खालच्या सुरातले वाद्य) वाजवतो, ओंद मार्तेनो नावाचे दुर्मीळ वाद्य वाजवतो, बीबीसीच्या वाद्यवृंदासाठी रचना लिहितो, जोधपूरच्या किल्ल्यात जाऊन ध्वनिमुद्रण करतो आणि २०२१पासून ‘द स्माइल’ या त्रयीत बेसपासून पियानोपर्यंत सर्व काही हाताळतो. या सगळ्यामागे काही सूत्र आहे, की कुतूहल नेईल तिकडे जाणाऱ्या माणसाचे हे वेगवेगळे उद्योग आहेत? ज्यांनी त्याचे काम दीर्घकाळ ऐकले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

चौथीतार :

मी स्वतः काही वर्षे व्हायोला शिकलो आहे, त्यामुळे माझे उत्तर थोडे त्या बाजूला झुकलेले असेल. पण सूत्र आहे असे मला ठामपणे वाटते आणि ते गिटारमध्ये नाही.

ग्रीनवुडचा जन्म १९७१चा, ऑक्सफर्डचा. लहानपणी तो रेकॉर्डर ही बासरी आणि नंतर व्हायोला शिकला व युवा वाद्यवृंदात वाजवू लागला. अ‍ॅबिंग्डन शाळेत त्याचा थोरला भाऊ कॉलिन आणि त्याचे मित्र ‘ऑन अ फ्रायडे’ नावाचा बँड चालवत, तोच पुढे रेडिओहेड झाला. धाकट्या जॉनीला त्यात शिरकाव मिळाला तो कीबोर्डवर. आधीचा वादक फार मोठ्याने वाजवतो अशी बँडची तक्रार असल्याचे ठाऊक असल्यामुळे आपण कित्येक महिने कीबोर्डचा आवाज बंद ठेवूनच वाजवत होतो आणि त्या काळात घरी बसून सुरावटी शिकत होतो, असे त्याने मुलाखतीत सांगितले आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गाण्यात आपली भर नेमकी किती असावी आणि आपण नसलो तर काय उरेल, हा विचार त्याच्या वादनात तेव्हापासून आहे.

१९९१मध्ये ईएमआयशी करार झाल्यावर त्याने महाविद्यालय पहिल्याच सत्रात सोडले. नव्वदच्या दशकात टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर तो इतक्या आवेशाने तुटून पडत असे की उजव्या हाताला दुखापत होऊन त्याला आधारपट्टा बांधून वाजवावे लागे. मात्र रेडिओहेडच्या १९९७च्या ‘ओके कॉम्प्युटर’ या अल्बममधले ‘क्लाइंबिंग अप द वॉल्स’ हे गाणे ऐकताना शेवटाकडे लक्ष द्या. तिथे सोळा व्हायोलिने एकमेकांपासून पाव स्वराच्या अंतराने वाजतात आणि त्यातून सुरावटीऐवजी एक घोंघावणारा पडदा उभा राहतो. ही कल्पना पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्की यांच्या रचनांतून आलेली आहे. गिटारच्या पट्ट्यांमध्ये हा अर्धवट स्वर सापडत नाही. व्हायोलावर बोट फिरवणाऱ्याला तो पहिल्या दिवसापासून, बहुधा चुकून, भेटतो.

ओंद मार्तेनोकडे तो वळला त्याचेही कारण मला हेच दिसते. शाळेत असताना त्याने ऑलिव्हिए मेसियां यांची ‘तुरांगालिला’ सिंफनी ऐकली आणि त्यातल्या या वाद्याने त्याला झपाटले. मोरिस मार्तेनो या फ्रेंच चेलोवादकाने १९२८मध्ये ते लोकांपुढे आणले. उजव्या हाताच्या बोटात एक अंगठी अडकवायची, ती अंगठी ताणलेल्या तारेसोबत डावी-उजवीकडे सरकवायची आणि त्यानुसार स्वर चढवायचा-उतरवायचा. डावा हात एका छोट्या खणातल्या बटणावर ठेवायचा आणि ते जितके दाबावे तितका आवाज उमलू द्यायचा. बटण सोडले की स्वर विझतो. वाद्य विजेवर चालणारे, पण त्यातून निघते ती गजाच्या वाद्यासारखी अखंड मींड. रेडिओहेडच्या २०००च्या ‘किड ए’ या अल्बममधल्या ‘हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली’त त्याने या वाद्याचे थर एकावर एक चढवले आहेत. ते गाणे आधी ऐका, मग चित्रपटाचे संगीत पुन्हा ऐका. दोन्हीमागचा कान एकच आहे हे लगेच जाणवेल.

स्वरलिपी :

चौथीतार यांनी मींडेबद्दल जे लिहिले आहे ते मला मान्य आहे, तथापि ‘इतकी वाद्ये वाजवणारा’ या कौतुकात त्याचे खरे काम झाकले जाते असे मला वाटते. ‘हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली’ याच गाण्यातला तंतुवाद्यांचा भाग त्याने वाजवलेला नाही, लिहिलेला आहे. डॉर्चेस्टरच्या मध्ययुगीन अ‍ॅबीमध्ये ऑर्केस्ट्रा ऑफ सेंट जॉन्सने तो वाजवला आणि स्वरलिपी पाहून वादक हसू लागले होते, कारण जे लिहिले होते ते वाजवता येण्याजोगे त्यांना वाटेना. तरीही संचालक जॉन लबक यांनी त्यांना प्रयोग करायला लावले आणि जे हाती आले ते आपण आज ऐकतो.

माझ्या मते त्याचे सूत्र असे आहे की शेवटचा शब्द दुसऱ्याचा असेल अशाच ठिकाणी तो स्वतःला नेऊन ठेवतो. ‘किड ए’मधल्याच ‘इडिओटेक’ या गाण्याचे उदाहरण घ्या. त्याने मॉड्युलर सिंथेसायझरवर बांधलेला ताल आणि पॉल लान्स्की यांच्या १९७३च्या संगणकसंगीतातला एक तुकडा यांसह सुमारे पन्नास मिनिटांचे ध्वनिमुद्रण रेडिओहेडचा गायक थॉम यॉर्क याच्याकडे सोपवले आणि यॉर्कने त्यातला एका मिनिटाहूनही कमी भाग उचलून गाणे रचले. एवढे काम हातावेगळे करून त्याचे काय करायचे ते दुसऱ्याला ठरवू देणे ही साधी गोष्ट नाही.

पुढे २००४मध्ये बीबीसीने त्याला निवासी संगीतकार नेमले, त्यातून ‘पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर’ ही तंतुवाद्यांची रचना झाली आणि ती ऐकूनच दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन यांनी त्याला ‘देअर विल बी ब्लड’साठी बोलावले. आधीच्या रचनांचे अंश वापरल्यामुळे ते संगीत ऑस्करसाठी अपात्र ठरले, याची खंत मला आजही वाटते. ‘फँटम थ्रेड’ आणि ‘द पॉवर ऑफ द डॉग’ यांना नामांकने मिळाली. पेंडेरेत्स्की यांच्यासोबत एकाच तबकडीवर त्याच्या रचना २०१२मध्ये आल्या, तेव्हा ज्याच्या संगीताने भारावून ती सोळा व्हायोलिने लिहिली होती त्या गुरूच्या शेजारी शिष्य बसला.

बँड आणि वाद्यवृंद यांच्यातली देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आहे. रेडिओहेडच्या २०१६च्या ‘बर्न द विच’ या गाण्यात लंडन कंटेम्पररी ऑर्केस्ट्राचे वादक गजाऐवजी गिटारच्या प्लेक्ट्रमने (तार छेडण्याच्या छोट्या पट्टीने) तारा छेडतात, त्या गाण्याची सगळी धडधड तिथून येते.

तालयंत्र :

स्वरलिपी यांच्या मुद्द्याला ‘जुनून’ या अल्बमइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. २०१५मध्ये जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर आणि राजस्थान एक्सप्रेस या वादकसमूहातले कव्वाल, मांगणियार लोककलावंत व बँडवाले वादक यांच्यासोबत हे ध्वनिमुद्रण झाले आणि रेडिओहेडचा ध्वनिमुद्रण-निर्माता नायजेल गॉड्रिच ते करत होता. पहिल्यांदा ऐकताना ग्रीनवुड कुठे आहे ते मला कळेच ना. गिटार, बेस, यंत्रावरचा ताल, ओंद मार्तेनो असे सर्व काही तो वाजवतो, पण गायक आणि तुताऱ्या यांच्या मागे राहून. पाश्चात्त्य वादक अशा संगीतावर कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची) चादर पसरतात, ते इथे जवळपास होत नाही.

‘द स्माइल’मध्ये बेस कधी यॉर्ककडे तर कधी ग्रीनवुडकडे असतो आणि ड्रमवादक टॉम स्किनर जॅझमधून आलेला असल्याने लयीला कायम मोकळा श्वास मिळतो. ‘वॉल ऑफ आइज’ आणि ‘कटआउट्स’ हे दोन्ही संग्रह २०२४चे आहेत. गिटारवादक ग्रीनवुड हवा असेल तर आज तो इथेच जास्त भेटतो.

मंद्रसप्तक :

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. ‘द पॉवर ऑफ द डॉग’मधले ते खुडलेले स्वर मला बँजोचे वाटले होते, पण एका लेखात तो चेलो असल्याचे वाचले. नेमके काय खरे?

चौथीतार :

चेलोच आहे आणि तो त्याने स्वतः वाजवून थर रचले आहेत. सुरुवातीला त्याच्या मनात बँजो आणि तंतुवाद्यांची चौकडी होती, परंतु ते जमून येईना. तेव्हा त्याने बँजोवरची बोटांची छेडण्याची पद्धत तशीच उचलून चेलोवर आणली. चित्रपटात रोझ पियानोवर सराव करत असताना फिल वरच्या खोलीतून बँजोवर तीच धून वाजवून तिला खिजवतो, तो प्रसंग पुन्हा पाहा आणि त्यानंतर येणारे पार्श्वसंगीत ऐका. बँजो थांबलेला असतो, पण त्या बोटांची चाल चेलोवर चालूच राहते.