मदत हवी आहे: केप टाउन, हातात एकच दिवस आणि हा वारा!

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं सध्या केप टाउनला आहोत. परवा परतीचं विमान, म्हणजे केप पेनिन्सुला (शहराच्या दक्षिणेचं द्वीपकल्प) बघायला उरला फक्त उद्याचा दिवस. आणि वारा काही पडायचं नाव घेत नाही.

काल टेबल माउंटनला गेलो तर जोराच्या वाऱ्यामुळे केबलकार बंद. वर कड्यावरून पांढरा ढग ओघळत होता. इथे त्याला टेबलक्लॉथ म्हणतात. दिसतो देखणा, पण तो दिसला की बहुतेक वेळा आपलं वर जाणं बोंबललंच. या आग्नेय वाऱ्याला 'केप डॉक्टर' म्हणे, शहराची हवा स्वच्छ करतो म्हणून. पार्किंगमध्ये गाडीचं दार जरा उघडलं तर डॉक्टरांनी ते माझ्या हातातून हिसकावलंच. बिजागरी अशी करकरली की दोघांच्याही पोटात गोळा. गाडी भाड्याची! तेव्हापासून नवरा दार दोन्ही हातांनी धरून इंच इंच उघडतो.

माझा बेत असा: सकाळी म्युझेनबर्ग, सायमन्स टाउन, बोल्डर्स बीचचे पेंग्विन, दुपारी केप पॉइंट, येताना चॅपमन्स पीक ड्राइव्ह या समुद्राकाठच्या घाटरस्त्याने हाउट बे. नवऱ्याला नेमकं उलट जायचंय, कारण तो घाटरस्ता बंद झाला तर सकाळीच कळेल. कोणाचं बरोबर? केप पॉइंटच्या दीपगृहापर्यंत अशा वाऱ्यात चालत चढावं की फ्युनिक्युलर (चढावरची दोराने ओढली जाणारी रेल्वे) घ्यावी? बबून माकडं खरंच इतकी द्वाड आहेत का? उद्या वारा पडला तर पुन्हा टेबल माउंटनच्या नादी लागावं का?

लवकर सांगा प्लीज, सकाळी सातला निघायचंय.

प्रतिसाद:
तुमचाच बेत बरोबर. पेंग्विन सकाळी बघा, नंतर बसगाड्या भरभरून माणसं येतात. चॅपमन्स पीकवर सूर्य समुद्राकडे कलतो तेव्हाच खरी मजा. जेमतेम ९ किलोमीटरचा टोलरस्ता, पण वळणं ११४. दरडींमुळे कधी कधी बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. बंद असेल तर नूर्डहुकहून औ कापसे वेख या डोंगररस्त्याने परत या, बिघडत काही नाही.

जाताना फ्युनिक्युलर, उतरताना चालत. वरचं दीपगृह १८६० सालचं, समुद्रापासून २३८ मीटरवर. इतक्या उंचावर की ढग-धुक्यात जहाजांना दिवाच दिसेना. १९११ मध्ये लुसिटानिया नावाचं पोर्तुगीज जहाज खाली खडकावर फुटलं, मग १९१९ मध्ये खाली ८७ मीटरवर नवं दीपगृह आलं. तेही बघा. आणि केप ऑफ गुड होपच्या पाटीजवळ 'आफ्रिकेचं दक्षिण टोक' म्हणून फोटो टाकू नका, ते अगुल्हास, बरंच पुढे पूर्वेला!

बबून द्वाडच. काचा वर, दारं लॉक, खाऊ बाहेर काढायचा नाही. टेबल माउंटनचा मोह सोडा, एका दिवसात दोन्ही म्हणजे नुसती धावपळ.

दाराचा उपाय: गाडी वाऱ्याकडे नाक करून लावा. वारा दार उलट दाबून धरतो, हिसकावत नाही.

धागाकर्ती:
आभारी आहे! वाऱ्याकडे नाक करून लावायचं नवऱ्याला एकदम पटलं. मार्गाबद्दल मात्र तो अजून 'बघू' म्हणतोय. चावी माझ्याकडे आहे.