खगोलाच्या तासाला पोरांना आपसात भांडू द्यावं का?

वऱ्हाडी_मास्तर
बीएस्सी फर्स्ट इयरला खगोल शिकवतो, यवतमाळकडचं खेड्यातलं कॉलेज. माझं मत, नुसतं लेक्चर झोडणं बंद करावं. आधी प्रश्न टाकायचा, पोरांनी पर्यायाच्या नंबराइतकी बोटं दाखवून उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालून परत बोटं. हार्वर्डचा एरिक मझूर फिजिक्समध्ये हे 1991 पासून करतोय. मी विचारलं चंद्राच्या कला कशामुळे, तर बहुतेक वर्ग म्हणे पृथ्वीच्या सावलीमुळे. मी गप्प. तेवढ्यात मागच्या बाकावरची पोरगी शेजारणीला म्हणते, "अवं, अष्टमीचा चंद्र चार वाजता सूर्यासंगच आभायात दिसते, मंग पृथ्वी मंधात येईन कुठून?" हेच मी सांगितलं असतं तर वहीत उतरवून मोकळे झाले असते.

सीएचबीवाला
सर, तुम्ही परमनंट, तुम्हाला जमते. आम्ही सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरचे, आम्हाला तासाचे पैसे, असे प्रश्न घरी बसून काढायचे कोण देते? कापसाची वेचणी लागली की निम्मी पोरं वावरात, गट कोणाचा करू? अन् गटात एक जण डोकं लावते, बाकीचे त्याच्या वहीत डोकावते. जानेवारीत पृथ्वी सूर्यापासून 14.7 कोटी किमी, जुलैत 15.2 कोटी, म्हणून ऋतू अंतरामुळे नाही तर आस कललेला आहे म्हणून. झालं, दोन मिनिटात. वाद कायले?

वऱ्हाडी_मास्तर
हे दहावीपासून सांगूनच राहिलो ना भाऊ! तरी मे मध्ये अकोल्यात 45 का, तर सूर्य जवळ येतो म्हणतात. 2014 ला अमेरिकेतला संशोधक फ्रीमन अन् त्याच्या सोबत्यांनी विज्ञान-गणिताच्या कॉलेज वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले, नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास व्हायची शक्यता दीडपट निघाली.

रिटायर_गुरुजी
दीडपट असेल बाप्पा, पण युनिव्हर्सिटीचा पेपर "केप्लरचे नियम लिहा" असाच येतो, तिथं भांडून मार्क भेटत नाही. पेपर बदला आधी, मग वर्ग.

धामणगावची_पोरगी
मी असल्या वर्गात बसली आहे. मजा आली, पण सरांनी शेवटी बरोबर उत्तर सांगितलंच नाही, रूमवर येऊन यूट्यूब पाहावं लागलं. अन् वर्कशीट पूर्ण इंग्रजीत, अर्धा वेळ तर वाचण्यातच गेला.

वऱ्हाडी_मास्तर
उत्तर सांगायलाच पाहिजे, मी शेवटची दहा मिनिटं त्यालाच ठेवतो. वर्कशीट मराठीत करून राहिलो, तयार झाली की इथंच टाकतो, सीएचबीवाल्यांनी फुकट वापरा.

सीएचबीवाला
टाका सर. पण 48 मिनिटांच्या तासात दहा उत्तराला गेले, दहा हजेरीला, अन् पोरं एस्टी लेट म्हणून पंधरा मिनिटं उशिरा येते. उरलेल्यात भांडण लावू का सोडवू?