अभिजात कादंबऱ्यांतील पात्रांची एकाच कादंबरीत भेट: मराठीत हे शक्य आहे का?

शाहूपुरीकर: नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या वाचक गटात सध्या जॅस्पर फोर्ड यांच्या ‘द एअर अफेअर’ (२००१) या कादंबरीवर चर्चा सुरू आहे. तीत शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ या कादंबरीची नायिका जेन हिला मूळ हस्तलिखितातूनच पळवून नेले जाते आणि कथा प्रथमपुरुषी असल्यामुळे, सांगणारीच नाहीशी झाल्यावर पुढचा मजकूर खुंटतो, ही कल्पना मला विलक्षण वाटली. पुढच्या भागात डिकन्सची मिस हॅविशॅमही येते. अशा आणखी कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात? आणि मराठीत असे लिहायला कायद्याची आडकाठी आहे का?

राजारामपुरी: थिओडोरा गॉस यांची ‘द स्ट्रेंज केस ऑफ द अल्केमिस्ट्स डॉटर’ (२०१७) अवश्य वाचा. जेकिल, मोरो, रॅपाचिनी या जुन्या कथांतील शास्त्रज्ञांच्या मुली तीत एकत्र येतात. त्यांची हकिगत कॅथरीन मोरो लिहीत असते आणि इतर जणी मजकुरातच मध्ये बोलून तिला हरकत घेतात, त्यामुळे प्रत्येकीचा स्वभाव वेगळा उमटतो. शेरलॉक होम्सही आहे, पण कथा मुलींचीच राहते, आणि माझ्या मते हेच तिचे बळ आहे. नुसती ओळखीची नावे गोळा करणाऱ्या कादंबऱ्या मला वाचवत नाहीत.

गारगोटीकर: कायद्याचे उत्तर सोपे आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणून ययाती हा महाभारतातला राजा सर्वांचा असला, तरी खांडेकरांनी घडवलेली ‘ययाती’ २०३६ अखेरपर्यंत संरक्षित आहे. बाबा पदमनजी आणि हरिभाऊ आपटे यांचे साहित्य मात्र केव्हाच मुक्त झाले आहे. ‘यमुनापर्यटन’मधील (१८५७) यमुना पतीसोबत गावोगावी फिरताना विधवांची दुःखे ऐकते, ‘पण लक्षात कोण घेतो’मधील यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. ऐकणारी आणि सांगणारी समोरासमोर बसल्या, तर मराठीत याहून अर्थपूर्ण भेट मला तरी सुचत नाही.

राजारामपुरी: सूचना फारच आवडली. फक्त आजच्या वाचकाला रुचावे म्हणून यमुनेची ख्रिस्ती श्रद्धा पुसट करू नये. तिने यमूला आपला मार्ग कळकळीने सांगावा आणि यमूला तो पटलाच पाहिजे, असा हट्ट लेखकाने धरू नये.