गुन्हेगारांची यादी सगळ्यांना दाखवा म्हणे, पण पत्ते कोण तपासणार?

कृष्णाकाठ (सांगली):
परवा आमच्या गल्लीत एक निवेदन फिरत होतं. लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची राष्ट्रीय यादी लोकांना खुली करा, अशी मागणी. सप्टेंबर २०१८ पासून ही यादी एनसीआरबीकडं, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडं आहे, सुरुवातीलाच चार लाखांहून जास्त नोंदी होत्या, बघायला मिळते फक्त पोलिसांना. मी सही केली नाही. आपल्याकडची माणसं एका जागी राहतात का? विट्याची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी माणसं, देशभर पांगलेली. ऊसतोडीच्या टोळ्या येतात नि पट्टा पडला, हंगाम संपला की जातात. निकालाच्या दिवशी लिहिलेला पत्ता शिक्षा भोगून सुटेपर्यंत किती खरा राहणार? त्या खोलीत आज दुसराच भाडेकरू असला तर दगड त्या बिचाऱ्याच्या दारावर.

कराडची आई:
म्हणून झाकूनच ठेवायची? अमेरिकेत १९९६ पासून लोकांना ही माहिती मिळते. तिथल्या केंद्रीय कायद्यानं घर बदललं की कामकाजाच्या तीन दिवसांत स्वतः जाऊन सांगायचं, गुन्हा गंभीर असेल तर दर तीन महिन्यांनी हजेरी. चुकवली तर तोच नवा गुन्हा. यादी उघडी झाली की चुका लोकच दाखवतील.

काळा कोट (सातारा):
चुका दाखवेपर्यंत माणूस गावातून उठलेला असतो, ताई. सत्र न्यायालयात दोषी ठरलेले काही जण अपिलात निर्दोष सुटतात. ऑगस्ट २०२५ पासून आपली अपिलं हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढं. तिथला निकाल यादीपर्यंत पोचवायचा कुणी? दुसरं, यातले बहुतेक गुन्हेगार ओळखीतले, नात्यातले. सख्ख्या चुलत्याचं नाव झळकलं की पोरगी कोण, हे अख्ख्या गावाला कळतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यातलं, पीडित मुलाची ओळख माध्यमांत उघड करू नका सांगणारं कलम २३ मग कशाला?

कराडची आई:
वकिलांना कळवळा नेहमी कुणाचा येतो ते दिसतंच. बरं, पत्त्याचं काम पोलीस पाटलाला द्या. गावात कोण आलं, कोण गेलं, त्याला कळत नाही असं होतं का?

कृष्णाकाठ:
गावात चालेल. मिरजेत स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोल्यांना पोलीस पाटील कुठला आणायचा? शिवाय सुटून आलेल्या प्रत्येकानं नवा पत्ता कळवलाच पाहिजे, असा सरसकट कायदा आपल्याकडं नाही. तुम्ही सांगता ती अमेरिकेतली हजेरी आधी मागू. अपिलात सुटला तर नाव काढायची मुदतही त्यातच घालू. तसं निवेदन असेल तर सही करतो. यादी मात्र पोलिसांपुरतीच.

कराडची आई:
लिहून आणा. मीही करते, 'पोलिसांपुरतीच' एवढं खोडून.