कारागृह खात्याला चीफ ऑफ स्टाफ कशाला? (शहापूरकरांच्या पोस्टला उत्तर)

जुना वॉर्डर:
शहापूरकरांनी काल लिहिलंय की अमेरिकेत तुरुंग खात्याच्या संचालकाला चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे त्याच्या हुकमांचा पाठपुरावा करणारा माणूस असतो, तसाच बेंगळूरला आपल्या कर्नाटकच्या कारागृह महासंचालकांनाही द्या, म्हणजे फायली तुंबणार नाहीत. ३१ वर्षं वॉर्डर म्हणून काढली मी, म्हणून सांगतोय. फाईल साहेबाच्या टेबलावर तुंबत नाही, तुरुंगाच्या दारात तुंबते. कोर्टाची तारीख असते, कैदी आंघोळ करून तयार बसलेला असतो आणि त्याला कोर्टात नेणारे एस्कॉर्टचे पोलीस बंदोबस्ताला गेलेले असतात. तारीख पुढं.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ घ्या. पहिल्यांदाच आत आलेल्या कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला, की कोर्टाला लेखी अर्ज करायचा तुरुंग अधीक्षकानं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले सोडून. पण दिवस मोजतो कोण? रजिस्टर घेऊन बसलेला एक कारकून. २०२२ अखेर देशात ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे. त्या कारकुनाच्या जोडीला दुसरा कारकून द्या आधी.

शहापूरकर:
काका, कारकुनानं दिवस मोजले की नाही हे विचारणार कोण? मी तेच म्हणतोय. चीफ ऑफ स्टाफ तुरुंग चालवत नाही, तुरुंग चालवायला तिथं उपसंचालक असतात. संचालकानं सोमवारी दिलेला हुकूम शुक्रवारी कुठं अडला ते हा शोधतो. आरोग्य, बांधकाम, भरती, कायदा या सगळ्यांना एका टेबलाशी बसवतो. जानेवारी २०२३ मध्ये गडकरींच्या नागपूरच्या कार्यालयात धमकीचे फोन गेले, ते आपल्या बेळगावच्या हिंडलगा तुरुंगातल्या कैद्यानं केले असं पोलिसांनी सांगितलं. तुरुंगात फोन चालणार नाही असा हुकूम नव्हता काय? होता. पाठपुरावा नव्हता. आपल्याकडं खात्याचा प्रमुख पोलिसांतून येतो, खातं समजेपर्यंत त्याची बदली होते. मागची आठवण ठेवणारं कुणी नको?

जुना वॉर्डर:
आठवण ठेवायला तुरुंग सुधारणेच्या मुल्ला समितीनं १९८३ सालीच उपाय सांगितलाय. तुरुंगासाठी वेगळी अखिल भारतीय सेवा काढा. ती अजून निघाली नाही. आणि तुमचा अमेरिकेतला माणूस कित्येक राज्यांत संचालकाचा विश्वासू म्हणून येतो आणि त्याच्याबरोबरच जातो. त्याची कसली आठवण?

कॅलिफोर्नियात डब्लिनला बायकांचा तुरुंग होता, केंद्र सरकारचा. तिथल्या वॉर्डनलाच, म्हणजे तुरुंगाच्या प्रमुखालाच, कैदी बायकांवरच्या अत्याचाराबद्दल २०२२ मध्ये दोषी ठरवलं, २०२४ मध्ये तुरुंग बंद केला. वर एवढी माणसं बसलेली असून ते थांबलं काय? मध्ये एक माणूस वाढला की खालची ओरड वर पोचायला एक दार जास्त. २०१७ ला बेंगळूरच्या परप्पन अग्रहार तुरुंगातल्या कैद्यांच्या खास सोयींबद्दल तुरुंग खात्याच्या डीआयजी रूपांनी अहवाल दिला, तर बदली त्यांचीच झाली. तो कागद मधल्या माणसाच्या हातून गेला असता तर आपल्याला कळला तरी असता काय?

खानापूरची:
तुम्ही दोघं वरच्या साहेबाचंच बोलूलालाय. माझा भाऊ शिक्षा भोगतोय, कुठं ते सांगत नाही. आई आजारी म्हणून पॅरोलचा अर्ज केला. उत्तर आलं, सगळं कन्नडमध्ये. घरात कुणालाच वाचता येईना. नवव्या दिवशी मेडिकल दुकानातल्या पोरानं वाचून सांगितलं, डॉक्टरांचा दाखला जोडलेला नाही, एवढंच. दाखला दिला. भाऊ आला तो आई गेल्यावर चौथ्या दिवशी.

निपाणीकर:
वाईट झालं, ताई. पण प्रत्येक विषयात भाषा आणायची सवय सोडा आता. १९५६ पासून या राज्यात आहोत. मी कन्नड शिकलो, पोरांना शिकवलं, दोघंही नोकरीला लागली. नऊ दिवसांत एक कन्नड वाचणारा मिळू नये?

खानापूरची:
आई दवाखान्यात असताना बाराखडी गिरवू काय मी? घटनेचं कलम ३५० वाचा. गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडायचा हक्क आहे.

शहापूरकर:
मांडायचा आहे. उत्तर त्याच भाषेत मिळेल असं ३५० म्हणत नाही. तुमच्या बाजूनं बोलतोय मी, पण चुकीचं कलम धरून कोर्टात टिकणार नाही.

खानापूरची:
मग १५ टक्क्यांचं? जिथं तेवढे अल्पभाषिक तिथं नोटिसा त्यांच्याही भाषेत, हे महाराष्ट्र एकीकरण समितीची माणसं किती वर्षं सांगतायत!

निपाणीकर:
समितीचं नाव काढू नका. त्यांच्या मोर्च्यात माझी नोकरीची दोन वर्षं गेली.

जुना वॉर्डर:
निपाणीकर, बाई आईचं सांगूलालीय आणि तुम्ही आपली दोन वर्षं काढता? जरा थांबा.

ताई, असली पत्रं मी वाचून दाखवलीत, गेटवर उभ्या म्हाताऱ्यांना. ड्यूटीत बसत नव्हतं ते, मेमोही मिळालाय त्यापायी. शहापूरकर, तुमचं एक मानतो, नाइलाजानं. अर्ज कुठं अडला हे विचारणारा माणूस पाहिजे. पण तो पाचशे किलोमीटरवर बेंगळुरात नको. २०१२ पासून बेळगावात सुवर्ण विधानसौध उभं आहे, तिथं बसवा. कन्नड आणि मराठी दोन्ही वाचणारा.

शहापूरकर:
मग तो चीफ ऑफ स्टाफ राहत नाही, विभागीय अधिकारी होतो. महासंचालकांच्या खोलीत ज्याला थेट जाता येत नाही, त्याचं कोण ऐकणार? बेळगावात बसू दे, पण अधिकार बेंगळूरचा पाहिजे. यावर मी हटणार नाही.

निपाणीकर:
दोन्ही भाषांत छापील नमुना देता येईल, हे मलाही पटतं. सक्ती म्हणून नव्हे, सोय म्हणून.

खानापूरची:
नाव काहीही द्या त्या साहेबाला. वर्षश्राद्ध जूनमध्ये आहे, भावाचा अर्ज आत्ताच भरायचाय. काय काय जोडायचं ते कुणी सांगतंय काय?

जुना वॉर्डर:
शनिवारी दुपारी खानापूर स्टँडवर येतो. मागचं पत्र आणा, आणि आईच्या मृत्यूचा दाखला. त्याच्या दोन झेरॉक्स.